कुंभारीत घर मिळालं, मनाच्या आधाराचं काय?

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर रे नगरमधल्या १५ हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पूर्ण प्रकल्प ३० हजार घरांचा आहे. विडी वळणाऱ्या महिला, यंत्रमाग कामगार, बांधकामावरचे मजूर, कचरा वेचणारे, रिक्षाचालक हे त्याचे लाभार्थी. त्याआधी, २००६ साली, याच कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली होती. दोन्हीमागे माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या कामगार संघटनेचा पाठपुरावा होता. कष्टकऱ्यांची घरं कशी बांधून घ्यायची, हे सोलापूरने देशाला दाखवलं म्हटलं तर ती फुशारकी ठरणार नाही.

अशा वसाहतीबद्दल बोलताना पाणी, बस, शाळा, दवाखाना यांची यादी निघते. मानसिक आरोग्य त्या यादीत नसतं. असलंच तर शेवटी, ‘इतर’मध्ये. पोट भरलेल्यांचे आजार आहेत ते, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात कमी उत्पन्न, कर्ज, दारू, अपुरी झोप आणि घरातली मारहाण यांनी मन जास्त आजारी पडतं आणि उपचार मात्र सगळ्यात कमी मिळतात. म्हणून जगभर गेली काही वर्षं एक विचार पुढे येतोय: परवडणारी घरं बांधतानाच मनाच्या आधाराची सोय त्या वसाहतीत करायची. ही सोय म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

घर बदललं की काय बदलतं

आधी चांगली बाजू, कारण ती मोठी आहे. पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात आलेल्या बाईला रात्री शौचाला अंधारात जावं लागत नाही. पावसाळ्यात छत गळत नाही, घरमालक ‘खोली खाली कर’ म्हणू शकत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावावर किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असावं लागतं. नवऱ्याने हाकलून दिलं तर जायचं कुठे, ही भीती ज्यांनी आयुष्यभर उशाशी घेतली त्यांच्यासाठी तो कागद गोळीपेक्षा मोठं औषध आहे.

आता दुसरी बाजू. अहमदाबादमध्ये १९८७ साली ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेतल्या विडी कामगारांसाठी घरांची सोडत निघाली. घरं ११० होती, अर्ज करणाऱ्या पाचशेच्या आसपास. घरं चांगली, पण शहराच्या कडेला. जिंकलेल्या आणि हरलेल्या बायकांची संशोधकांनी पुढे १४ वर्षांनी तुलना केली. सोडत असल्यामुळे ही तुलना फार नेमकी आहे. कोण जिंकणार हे नशिबाने ठरलं होतं, बाकी दोन्ही गट सारखेच. निष्कर्ष असा आला की जिंकलेल्यांची घरं नक्कीच बरी होती, पण उत्पन्नात फरक नव्हता, मुलांच्या शिक्षणातही नव्हता. शिवाय त्या नातेवाईक आणि जातभाईंपासून तुटल्या होत्या. अडीअडचणीला उसने पैसे देणारं, आजारपणात धावून येणारं माणूस जवळ राहिलं नव्हतं. ३४ टक्के विजेत्या तिथे राहायला गेल्याच नाहीत आणि ३२ टक्के काही वर्षांनी घर सोडून गेल्या.

अमेरिकेत १९९० च्या दशकात पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर असाच प्रयोग झाला. काहींना चांगल्या वस्तीत राहायला मदत दिली. तिथेही मोठ्या माणसांची कमाई वाढली नाही, पण बायकांमधलं नैराश्य आणि ताण कमी झाला. मुलींची मनं सुधारली, वयात येणाऱ्या मुलग्यांची मात्र बिघडली. म्हणजे एकाच घरातल्या माणसांवर एकाच स्थलांतराचा परिणाम वेगळा होऊ शकतो. ‘घर दिलं, प्रश्न सुटला’ असंही नाही आणि ‘झोपडपट्टीच बरी होती’ असंही नाही.

हे सोलापूरला लावून बघा. पूर्व भागातल्या गल्लीत दुपारी चार बायका उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसतात. पानं कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं हाताला पाठ असतं, त्यामुळे तोंड मोकळं असतं. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या नवऱ्याने काल काय केलं, कुणाची भिशी लागली, सगळं तेलुगूत किंवा दखनीत तिथेच बोललं जातं. शिकलेली माणसं ज्याला समुपदेशन म्हणतात, त्यातला निम्मा भाग त्या उंबऱ्यावर फुकट होतो. तीच बाई इमारतीतल्या वरच्या मजल्यावर गेली की दार लावून एकटी विड्या वळते. पानं आणि तंबाखू विडी कारखान्याच्या ब्रँचमधून आणायची, तयार विड्या तिथेच नेऊन द्यायच्या, एवढाच काय तो बाहेरचा संबंध. बहीण नीलम नगरला, आई साखर पेठेत, आणि जायचं तर बसचं भाडं मोजावं लागतं.

म्हणून माझ्या मते अशा वसाहतीतली मानसिक आरोग्याची पहिली सोय कुठला कक्ष नाही. ती आहे प्रत्येक इमारतीच्या खाली विड्या वळायला, निवडायला-टिपायला सावलीची सामाईक जागा. सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या खोलीत दुपारी बसवत नाही. चार झाडं, एक शेड, बसायला कट्टा आणि पिण्याचं पाणी. तंबाखूची धूळ बंद खोलीत पोरांच्या नाकात जायची थांबेल, हा वरचा फायदा. दुसरी सोय वाटपाच्या वेळेची. एका गल्लीतल्या, एका कारखान्यातल्या दहा-पंधरा कुटुंबांना मागितलं तर एकाच इमारतीत घरं द्यावीत. अनेक योजनांत संगणकाची सोडत शेजार विखरून टाकते. पारदर्शकता सांभाळायला सोडत हवीच, पण ती एकेका कुटुंबाऐवजी गटांची काढता येते. त्याला जास्तीचा पैसा लागत नाही.

किती लोकांना किती मदत

मानसिक आजार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कपडे फाडणारा माणूस येतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना उपचार लागतील असा कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. त्यात सर्वेक्षणाच्या वेळी तीव्र आजार असलेले शंभरात एकापेक्षाही कमी होते. बाकीच्यांना नैराश्य, चिंता, व्यसन. आणि बहुतेक आजारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं.

ढोबळ हिशेब करू. ३० हजार घरं पूर्ण भरली आणि प्रत्येक घरात तीन प्रौढ धरले तर ९० हजार प्रौढ. देशाचं सरासरी प्रमाण लावलं तर नऊ हजारांवर माणसं. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही. नऊ हजारांना एका डॉक्टरच्या दारात उभं करणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही.

त्यातल्या बहुतेकांना कुणीतरी नीट ऐकून घेणारं, चार-सहा वेळा भेटणारं, अडचणीतून वाट काढायला मदत करणारं माणूस पुरतं. काहींना त्याबरोबर गोळ्या लागतात, त्या साध्या डॉक्टरलाही प्रशिक्षण घेऊन देता येतात. थोड्यांना, म्हणजे कानात आवाज येणारे, महिनोन्‌महिने न झोपणारे, जिवाचं बरंवाईट करू पाहणारे, यांना तज्ज्ञच लागतो आणि लगेच लागतो. वसाहतीतली सगळी व्यवस्था या वाटणीवर उभी राहते.

आपल्याकडे ही दुखणी ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत दवाखान्यात येत नाहीत. ‘डोकं जड आहे’, ‘हातापायात जीव नाही’, ‘छातीत धडधडतंय’, ‘अन्न गोड लागत नाही’ अशी येतात. डॉक्टर सलाईन लावतो, ताकदीची गोळी देतो, बाई दोन दिवस बरी राहते आणि परत येते. पुरुषांचं दुखणं संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर जातं.

शेजारचीच बाई, पण शिकलेली

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या क्षेत्रात सिद्ध झालेली सगळ्यात कामाची गोष्ट अशी: पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि सतत देखरेख मिळालेल्या स्थानिक माणसांनी दिलेल्या समुपदेशनाचा खरंच उपयोग होतो.

झिम्बाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ साली आज्यांना समुपदेशन शिकवलं. दवाखान्याच्या बाहेर बाक टाकला आणि येणाऱ्या माणसाशी आजी त्या बाकावर बसून बोलते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने त्रास लक्षणीय कमी झाल्याचं दिसलं. एवढं लांबही जायला नको. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांना सामान्य शिक्षणाच्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आपल्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने गावोगावी असंच काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेला ‘आत्मीयता’ हा उपक्रमही गावातल्याच स्वयंसेवकांवर चालतो.

या बैठकांत होतं काय? गोव्याची पद्धत थोडी खोलात सांगतो, कारण ‘नुसतं बोलून काय होणार’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी देवळात जाणं, मग शेजारणीकडे बसणं, मग केस विंचरणं. सोडल्यामुळे दिवसात बरं वाटेल असं काही उरत नाही, त्यामुळे मन आणखी खचतं, त्यामुळे आणखी सोडलं जातं. बरं वाटल्यावर बाहेर पडेन, असं ती म्हणते. समुपदेशक हे उलटं करते: आधी बाहेर पड, बरं मागून वाटेल. पण हुकूम सोडून नाही. पहिल्या भेटीत फक्त ऐकायचं आणि दिवस कसा जातो ते विचारायचं. मग दोघींनी मिळून अगदी लहान गोष्ट ठरवायची. ‘रोज सकाळी खाली येऊन दहा मिनिटं बसायचं.’ ‘बुधवारी बहिणीकडे जायचं, बसचे पैसे आजच बाजूला काढायचे.’ पुढच्या आठवड्यात जमलं का, जमलं नाही तर कशामुळे अडलं, ते बघायचं. नवरा जाऊ देत नाही, हे अडलं असेल तर तो प्रश्न सोडवायला घ्यायचा. हप्ता थकला म्हणून तोंड दाखवायची लाज वाटते, असं असेल तर आधी हप्त्याचं बघायचं. उपदेश नाही, ‘सकारात्मक विचार करा’ नाही. ते वाक्य ऐकून आजवर कुणी बरं झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सोलापुरात यात एक अट आपोआप येते. पूर्व भागातली बाई बाजारात मराठी बोलते, पण रडते तेलुगूत. वसाहतीत कन्नड आहे, दखनी आहे. मनाचं बोलायला आलेल्या माणसाला मराठीतला छापील फॉर्म पुढे केला की गाडी तिथेच थांबते. म्हणून बाहेरून एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी आणून बसवण्यापेक्षा त्याच इमारतींमधल्या, विडी संघटनेतल्या किंवा बचत गट चालवणाऱ्या बायका निवडाव्यात. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलीने त्यांच्यावर देखरेख करावी.

हे काम आशाताईंवर टाका, असं कुणीतरी लगेच म्हणतं. शहरी भागात साधारण २०० ते ५०० कुटुंबांमागे एक आशा असते. गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं हे सगळं तिच्या डोक्यावर, आणि पैसे कामागणिक. तिने त्रासातला माणूस ओळखावा आणि पुढे पाठवावा, इतपत रास्त आहे. आठ-आठ बैठका तिच्याकडून घ्यायच्या असतील तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत, नाहीतर वेगळी माणसं नेमावीत. फुकट सेवा हा आपल्याकडे बायकांच्याच वाट्याला येणारा शब्द आहे.

घर वेगळं, उपचार वेगळे

आता या विषयातला सगळ्यात नाजूक नियम. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बरिस यांनी रस्त्यावर राहणाऱ्या, तीव्र मानसिक आजार असलेल्या लोकांना आधी घर दिलं. ‘आधी दारू सोड, आधी गोळ्या सुरू कर, मग घर’ ही तोवरची रीत होती, ती त्यांनी मोडली. उपचार घेतले नाहीत म्हणून घर काढून घ्यायचं नाही. कॅनडाने २००९ ते २०१३ दरम्यान पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर हे तपासलं, तेव्हा या पद्धतीत माणसं घरात जास्त टिकून राहिली.

आपल्या वसाहतीत मालकी घरं आहेत, प्रश्न वेगळे आहेत. तरी नियम तोच लागू होतो. सोसायटीच्या अध्यक्षाला, देखभालीची वर्गणी गोळा करणाऱ्याला, पक्षाच्या कार्यकर्त्याला कोण समुपदेशनाला जातं याची यादी कधीही मिळता कामा नये. ज्या बाईकडे मन मोकळं करायचं, तीच जर वर्गणीची थकबाकी विचारायला दारात येत असेल तर कुणी तोंड उघडणार नाही. पातळ भिंती आणि बोलकी गॅलरी असलेल्या इमारतीत गुपित राखणं अवघडच. यावर एक साधा उपाय आहे. पाटीवर ‘मानसिक आरोग्य केंद्र’ लिहायचं नाही. जिथे रक्तदाब मोजतात, रेशनकार्डाचे फॉर्म भरून देतात, शिवणक्लास चालतो, त्याच खोलीत समुपदेशन करणारी बाईही बसते. दार उघडून आत जाणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही.

कायदाही इथे बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि समाजात राहण्याचा हक्कही. घरच्यांनी नाकारलं किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची, असं कलम ११५ सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम राहिलं नाही. विष घेतलेल्या पोरीला पोलिसांच्या भीतीने घरातच ठेवून मीठ-पाणी पाजणारी कुटुंबं आजही आहेत. ही एक माहिती इमारतीच्या नोटीस बोर्डावर लावली तरी जीव वाचेल.

त्याच बोर्डावर १४४१६ हा आकडा असावा. ही ‘टेलीमानस’ची मोफत सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. दिवसरात्र चालते आणि मराठीखेरीज तेलुगू-कन्नडमध्येही बोलता येतं. शेजारची व्यक्ती ‘आता जगण्यात राम नाही’ असं म्हणू लागली तर सरळ विचारावं, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने डोक्यात विचार घुसतो, हा गैरसमज आहे. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडू नये, घरातलं कीटकनाशक आणि गोळ्या हलवाव्यात आणि दवाखाना गाठावा.

सोलापुरात सुरुवात कुठून

तुकडे इथे आधीच पडलेले आहेत. सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सिव्हिल हॉस्पिटल आहे. खुद्द कुंभारीत एक खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात चालू आहे. त्याचा नमुना तयार झाला तो आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या बळ्ळारीत. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी, म्हणजे सरकारी प्राथमिक दवाखान्यांनी द्यायच्या बारा सेवांत मानसिक आरोग्य कागदोपत्री आहेच. विडी कामगारांच्या संघटना तर घरोघरी पोचलेल्या. उणीव आहे ती हे सगळं एका खोलीत, ठरलेल्या दिवशी एकत्र येण्याची.

खर्चाचं म्हणाल तर सर्वात महाग तज्ज्ञाचा वेळ, आणि तो आठवड्यातून एक दुपार पुरतो. त्या दुपारी त्याने फक्त समुपदेशकांनी पुढे पाठवलेली माणसं बघायची आणि समुपदेशकांच्या अडचणी ऐकायच्या. बाकी बैठका त्या बायकाच घेतील. पगार, प्रशिक्षण आणि देखरेख यांचा पैसा घरांच्या मूळ प्रकल्प अहवालातच धरायला हवा. मागाहून देणगी गोळा करून चालवलेली केंद्रं दोन वर्षांत बंद पडतात.

आणि गोळ्या. नैराश्याची गोळी लागू पडायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती कित्येक महिने घ्यावी लागते. स्किझोफ्रेनियाची तर वर्षानुवर्षं. गोळ्यांसाठी दर महिन्याला कुंभारीहून सिव्हिलला जायचं म्हणजे बसभाडं, केसपेपरची रांग आणि एका दिवसाच्या विड्या बुडाल्या. दोन-तीन महिने हे जमतं, मग गोळ्या सुटतात आणि आजार उलटतो. घरचे म्हणतात, ‘औषधाचा गुणच नाही.’ महिन्याची औषधं वसाहतीतल्याच दवाखान्यात मिळाली पाहिजेत, आणि तो दिवस विडी कारखान्याच्या पगाराचा नसावा, कारण त्या दिवशी कुणी बाई येणार नाही.